ढवळीचे एकोणीस दिवस

गुरुवार, १९ डिसेंबर २०२४, सकाळी सव्वासहा. सातची बस पकडून मला महापेला ऑफिस गाठायचं होतं, म्हणून घाईघाईत मेंढ्यांना पाला टाकायला गेले. आमची गाभण ढवळी बसलेली होती आणि तिच्या शेपटीखाली लिंबाएवढा गुलाबी गोळा दिसत होता. ओला, तुकतुकीत. बादली ठेवून वाकले तेवढ्यात ती उठली आणि गोळा आत गेला.

सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "काय नाय गो, पोट भरलाय तिचा. बसली का दाबतं." मी बस पकडली.

त्यांचं निदान अर्धं बरोबर होतं, हे नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. "काय नाय" तेवढं चुकलं आणि त्यात आमचे दोन दिवस गेले. बसली की दिसतं, उठली की जातं, हीच अंग, म्हणजे योनिमार्ग, बाहेर येण्याची पहिली पायरी असते. तेव्हाच हालचाल केली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. तुमच्या वाड्यात गाभण मेंढी असेल आणि असं काही दिसलं, तर माझ्यासारखी बस पकडू नका.

आमचं गाव शिळफाट्याच्या पुढे, चौदा गावांपैकी एक. ही गावं एकदा नवी मुंबईत गेली, मग बाहेर पडली, आता पुन्हा आत आली आहेत. पुढच्या अंगाला गोदामं आणि कंटेनर, मागच्या अंगाला आमचं तीस गुंठे भातशेत. कोकणात मेंढ्या पाळतो म्हटलं की लोक हसतात, आणि पावसाळ्यात खुरं कुजायला लागली की आम्हालाही हसू येत नाही. पण दिवाळीनंतर माळशेज घाट उतरून एक धनगर कुटुंब दरवर्षी आमच्या शेतात मेंढ्या बसवतं. लेंडीखत आम्हाला, धान्य-पैसे त्यांना. त्यांच्याकडूनच २०२२ मध्ये चार मेंढ्या घेतल्या. पुढच्या वर्षी ह्यांनी फलटणकडून 'नारी सुवर्णा' जातीच्या संकरातल्या दोन आणल्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ही जात तयार केली. बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळं देणारा जनुक तिच्यात आणलेला आहे. आपली दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते, ही दोन देते. ढवळी त्या दोघींपैकी एक, चौदा हजारांची. घरची पैदास धरून तेव्हा आमच्याकडे नऊ मेंढ्या होत्या.

१४ ऑगस्टला मेंढा तिच्यावर गेल्याचं मी कालनिर्णयवर लिहून ठेवलं होतं. मेंढीचे दिवस साधारण १४७ ते १५० धरतात, म्हणजे ८ जानेवारीच्या आसपास. ही नोंद नसती तर पुढचा एकही निर्णय धड घेता आला नसता.

शनिवारी २१ तारखेला सकाळी पाहते तर गोळा मोसंबीपेक्षा मोठा झालेला आणि ढवळी उभी असूनही बाहेरच. रंग गर्द लाल, त्याला पेंढा आणि लेंड्या चिकटलेल्या. पाठ कमानीसारखी करून ती कुंथत होती. शेडच्या पत्र्यावर तीन कावळे बसले होते. ते का बसलेत हे मला कळलं नाही, सासूबाईंना कळलं. उघड्या पडलेल्या अंगाला कावळे टोचे मारतात. त्या काठी घेऊन बसल्या त्या दुपारपर्यंत हलल्या नाहीत.

मग फोन. पहिल्या दवाखान्यात विचारलं, "गाव कशात येतं, नवी मुंबईत का ठाणे तालुक्यात?" मी म्हटलं, दोन्हींत. त्यांनी दुसरा नंबर दिला. दुसरीकडे विचारलं, "टॅग नंबर सांगा." १ जून २०२४ पासून कानात बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराला सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत, असा नियम आहे. आमच्या सात मेंढ्यांना लसीकरणाच्या वेळी बिल्ले मारले होते. फलटणच्या दोघी तेव्हा नेमक्या चरायला गेल्या होत्या आणि पुढे आम्हीच आळस केला. "शिवाय आज डॉक्टर फिरतीवर आहेत, सोमवारी या." त्या माणसाचा राग आला, पण बिल्ला आमचाच राहिला होता. सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो त्या गडबडीत आमच्यापैकी एकालाही आठवला नाही. आता तो शेडच्या दारावर खडूनं लिहिलाय.

तिसरा फोन धनगरांच्या मावशींना. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तेव्हा मुरबाडकडे होता. मागून मेंढ्यांचा कालवा आणि त्यातून मावशींचा आवाज: "वलं फडकं टाक त्येच्यावर. कोरडा हात लावू नको. आन् आत ढकलायची घाई नको करू बाई, घाईनं फाटतं." कल्याणकडच्या एका खासगी पशुवैद्य मॅडमचा नंबरही त्यांनीच दिला. परगावच्या मावशींकडे आमच्या भागातला डॉक्टर होता आणि आमच्याकडे नव्हता, याची थोडी लाज वाटली.

मॅडम साडेबाराला आल्या. माझी जाऊ सहा महिन्यांची गरोदर, बघायला आली होती. तिला त्यांनी आधी घरात पाठवलं. गर्भारबाईनं गाभडणाऱ्या किंवा व्यायला आलेल्या मेंढीजवळ जाऊ नये, कोकरांना आणि वारेलाही हात लावू नये, मेंढ्यांतले काही रोग माणसाच्या गर्भाला बाधतात. हे आम्हाला कुणीच आजवर सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी "आमच्या वेळंला..." म्हणून सुरुवात केली, पण मॅडमनी हातमोजे चढवत विषय बदलला.

मग जे केलं ते मी पुढच्या पंधरवड्यात मनात शंभरदा उजळणी केलं असेल. पेंढ्याच्या गोणीवर ढवळीचा मागचा भाग येईल अशी तिला ह्यांनी धरली, मागचे पाय उंच, डोकं उताराला. मॅडमनी कोमट पाण्यात पोव्हिडोन आयोडीन टाकलं, फिक्क्या कोऱ्या चहासारखं दिसेल इतकंच. त्या पाण्यानं एकेक काडी काढत गोळा धुतला. मग माझ्याकडे साखर मागितली. मला वाटलं चहा हवाय. त्यांनी अर्धा किलो साखर त्या सुजलेल्या अंगावर थापली आणि घड्याळात बघत थांबल्या. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते. पंधरा मिनिटांत साखरेचा पाक होऊन खाली ठिबकायला लागला आणि गोळा डोळ्यांदेखत सुरकुतला.

पुन्हा धुतल्यावर त्यांनी दोन्ही तळव्यांत तो गोळा फुलासारखा वर उचलला, आत ढकलला नाही. तशी ढवळीनं मुताची धार सोडली ती थांबेचना. ह्यांची पँट, मॅडमचे बूट, माझी चप्पल, सगळं न्हालं. "हेच हवं होतं," मॅडम म्हणाल्या. अंग बाहेर आलं की मूत्राशय त्यात अडकतं, नळी मुडपते, मेंढीला मुतता येत नाही. न मुतल्यामुळे गोळा मोठा होतो आणि मोठा झाल्यामुळे ती आणखी कुंथते. धार संपेपर्यंत गोळा निम्मा झाला. मग वंगण लावून, बोटं न टोचता, मिटलेल्या मुठीनं, ती कुंथायची थांबेल तेवढ्याच वेळात दाब देत त्यांनी तो हळूहळू आत सारला. शेवटी सुळकन गेला. ढवळीनं मान टाकली आणि मी तिथेच शेणात बसले.

मॅडमनी एक गोष्ट नीट समजावली, कारण फोनवर मी "गर्भाशय बाहेर आलंय" म्हणून ओरडले होते. व्यायच्या आधी जे बाहेर येतं ते मायांग, म्हणजे योनिमार्ग. गुळगुळीत असतं. व्याल्यानंतर गर्भाशयाची पिशवीच उलटी होऊन येते ते वेगळं. ती मोठी, लोंबणारी, आणि तिच्यावर बटणांसारख्या गाठी असतात. ती आली तर एक मिनिट थांबायचं नाही, स्वच्छ ओल्या चादरीत उचलून धरायची आणि डॉक्टरला आणायचं.

"खायला काय देता?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी अभिमानानं सांगितलं. वाशीच्या भाजी मार्केटमधून मित्राचा टेम्पो पहाटे येतो, कोबी-फ्लॉवरचा पाला, फेरीचे तीनशे रुपये. नऊ मेंढ्या पोट फुटेस्तोवर खातात, शिवाय भाताचा पेंढा. हल्ली बाहेर सोडत नाही, कंटेनरची वर्दळ असते.

मॅडमनी ढवळीच्या पोटावर दोन्हीकडून हात ठेवले. "आत दोन कोकरं, वरून कोबीचा टेम्पो, आणि चालणं शून्य. जागा कुठून होणार?" शेवटच्या महिन्यात कोकरं झपाट्यानं वाढतात, पोटात जागा कमी होते. पोट भरेल पण जागा कमी घेईल असं खाणं लागतं. कोबी बंद नाही, पण मूठभर. पेंढा कमी करून चांगला वाळला चारा, आणि मक्याचा भरडा व सरकी पेंडीचा खुराक दोन वेळांत विभागून. कॅल्शियम. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालवणं. शेडची जमीन मुताचा निचरा व्हावा म्हणून मागे उतरती केली होती, म्हणजे दावणीला बांधलेली मेंढी कायम मागे झुकलेली. संध्याकाळी ह्यांनी विटा आणि माती घालून ढवळीची जागा उलट्या उताराची केली. बसली तरी मागचं अंग वर.

कुंथणं थांबावं म्हणून सूज-दुखीचं इंजेक्शन, पाच दिवस प्रतिजैविक, आणि दोरी. परदेशात यासाठी प्लास्टिकचा चपटा चमचा मिळतो म्हणे. आमच्याकडे मऊ सुती दोरी. छातीभोवती फास, पाठीवरून दोन पदर मागे, शेपटीच्या दोन्ही बाजूंनी खाली आणि मांड्यांमधून पुढे, असं शिंक्यासारखं बांधायचं. योनीच्या दोन्ही कडांना दाब येतो, लेंडी-मूत अडत नाही. मॅडमची फी १,२००, औषधं ७४०, दोरी ६० रुपये.

दोरी तीन दिवस टिकली. दिवसातून दोनदा ती सोडून पुन्हा बांधायची, खाली कातडी सोलवटली का बघायची, खोबरेल लावायचं. मांडीच्या आत लाल पट्टा उठलाच. २४ तारखेच्या रात्री ढवळीनं अंग घासून दोरी सरकवली आणि अकरा वाजता गोळा पुन्हा बाहेर. या वेळी मी नखं कापली, अंगठी काढली आणि स्वतः केलं. आयोडीनचं पाणी, साखर, उचलणं, धार, मूठ. चाळीस मिनिटं लागली. हात थरथरत होते आणि ह्यांच्या हातातला मोबाइलचा टॉर्चही थरथरत होता. गेलं आत, पण पहाटे पुन्हा आलं.

२५ डिसेंबर. सुट्टीचा दिवस असूनही मॅडम आल्या. आता टाका. शेपटीच्या मुळाशी कण्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. शेपूट लुळी पडली आणि सहा दिवसांत पहिल्यांदा ढवळीचं कुंथणं पूर्ण थांबलं. ती शांतता मला अजून आठवते. मग वीतभर लांब सुईनं, कातडीखालून गोल फिरवून, रुंद सुती फीत ओवली. परकराची नाडी ओवतात अगदी तसंच, आणि फीतही दिसायला नाडीसारखीच. दोन बोटं जातील एवढी फट ठेवून खाली सुरगाठ मारली. "ही गाठ तुम्ही सोडायची आहे," मॅडम म्हणाल्या. "कळा सुरू झाल्या आणि गाठ तशीच राहिली तर मेंढी फाटेल किंवा कोकरं आत मरतील. मी वेळेवर पोचेन याची खात्री देत नाही." फी १,८००, औषधं ६५०.

टाक्यानंतर मेंढी निवांत झाली आणि माझी झोप गेली.

मधल्या दिवसांत फारसं काही घडलं नाही. मी ऑफिसात तीन रजा टाकल्या. साहेबांना कारण खरं सांगितलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं. ३० तारखेला बिल्ला मारायला माणूस आला, दोघींच्या कानात पिवळे बिल्ले बसले, बारा आकडे मी वहीत उतरवले. टाका रोज आयोडीनच्या पाण्यानं पुसायचा, इतकंच.

२ जानेवारीपासून आम्ही रात्री वाटून घेतल्या. ह्यांची शिफ्ट संपून ते बाराला येत, तोवर सासूबाई, मग तीनपर्यंत हे, तीन ते सहा मी. खरी पंचाईत अशी की अंग बाहेर आलेली मेंढी एरवीही कुंथते, मग कळा कुठल्या हे ओळखायचं कसं? मॅडमनी खुणा दिल्या होत्या. कास भरून सड चकाकतात. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात. कळपातून बाजूला होते, पुढच्या पायानं जमीन उकरते, उठते-बसते, मागे वळून स्वतःच्या कुशीकडे बघते. आणि अशा मेंढीत एक जास्तीचा धोका असतो, गर्भाशयाचं तोंड नीट उघडत नाही. कळा देऊन तासभर झाला आणि काहीच पुढे सरकलं नाही तर ओढाताण न करता फोन करायचा.

७ जानेवारी, मंगळवार. पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी ह्यांनी मला हलवलं. ढवळी कोपऱ्यात जाऊन जमीन उकरत होती. थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. टॉर्च मारला तर टाक्याच्या फटीतून पाणमोटेचा काळसर फुगा दिसला. सुरगाठ ओढली तर सुटेना, सुकलेल्या चिकट्यानं घट्ट बसलेली. तेरा दिवस रोज टाका पुसला होता, पण गाठ कधी मोकळी करून पाहिली नव्हती. शेवटी उकळून ठेवलेल्या कात्रीनं फीत कापली आणि ओढून काढली. अंग पुन्हा बाहेर येईल या भीतीनं मी तळवा तिथे धरून ठेवला. आलं नाही. थोड्या वेळानं पाणमोट फुटली.

तीन वाजून वीस मिनिटं झाली तरी पुढे काही नाही. मॅडमना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी हातमोजा घालून, वंगण लावून, आत फक्त चाचपायला सांगितलं. "तोंड उघडं लागतंय की कडक कडं लागतंय?" मला बोटांना दोन मऊ खुरं आणि त्यावर एक नाक लागलं. खुरं आणि नाक एकत्र, म्हणजे कोकरू सरळ. "मग थांबा. तिला करू द्या." तीन पस्तीसला पहिलं कोकरू आलं, नर. चारला दुसरं, मादी, थोडं लहान. नाकावरचं चिकट पुसलं, नाळेला आयोडीन लावलं. सामान तोलायच्या काट्याला पिशवी अडकवून वजन केलं: दोन किलो शंभर आणि एक किलो नऊशे. ढवळी दोघांना चाटत होती, घशातून तो खास हुंकार काढत, जो मेंढी फक्त कोकरांसाठीच काढते. दोघांच्या तोंडात पहिल्या तासातच चीक गेला. लहानीला धरून सडाला लावावं लागलं.

सहाच्या सुमाराला वार पडली. ती सासूबाईंनी हातमोजे घालून खोल पुरली. हो, हातमोजे घालून. पुढचा दिवसभर आम्ही पिशवी बाहेर येते का बघत होतो, कारण इतकं कुंथलेल्या मेंढीची तीही भीती असते. सुदैवानं तसं झालं नाही. मॅडम दुपारी येऊन तपासून गेल्या आणि या खेपेची फी घेतली नाही, घरचे तांदूळ मात्र नेले. आयोडीन, मोजे, साखर असे वरचे अडीचशे धरून एकूण खर्च ४,७०० रुपये झाला.

जाण्यापूर्वी त्यांनी एक सांगितलं होतं आणि त्यावर घरात महिनाभर वाद चालला. एकदा अंग बाहेर आलेल्या मेंढीचं पुढच्या गाभणपणात पुन्हा यायची शक्यता बरीच असते, आणि हे रक्तातही उतरतं. म्हणून ढवळीला पुन्हा गाभण घालवू नका, मादी कोकरू पैदाशीला ठेवू नका. ह्यांचं म्हणणं, कोकरं दूध सुटली की दोघींना विकून टाकू. मी म्हटलं, विकायचं तर घेणाऱ्याला सांगून विकायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी शेडवर कावळे बसतील. सासूबाई म्हणाल्या, "चवदा दिस काठी घेऊन मी बसलंय, कुठं नाय जायाची ती."

फेब्रुवारीत धनगर आमच्या शेतात आले तेव्हा मावशींनी लहानीला उचलून उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "गुणाची हाय. पन मेंढ्याला दावू नको." उन्हाळ्यात नर विकला. लहानी लोकरीपुरती राहिली आहे आणि बागेतली जास्वंद खाते.

यंदा १० ऑगस्टला मेंढा सोडला. ढवळी आणि लहानी मागच्या पडवीत वेगळ्या बांधल्या आहेत. माजावर आली तेव्हा ढवळी दोन दिवस ओरडत होती. सासूबाई तिच्यासाठी कोबीचं एकच पान घेऊन तिथे बसून होत्या.